कॅरमची पावडर आणि न पेटलेली अणुभट्टी

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत दिवाळीच्या सुट्टीत जिन्याखाली कॅरम मांडला जातो. बोरिक पावडर शिंपडली की सोंगट्या सुळसुळ पळतात. एकदा आमच्या मजल्यावरच्या, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून (बीएआरसी) निवृत्त झालेल्या काकांनी ती पावडर चिमटीत घेतली आणि मुलांना म्हणाले, "पोतंभर ग्राफाइटात एवढी मिसळली, तरी ते अणुभट्टीच्या कामातून गेलं!" या पावडरीत बोरॉन असतं आणि बोरॉन न्यूट्रॉन गिळतं. हिटलरच्या जर्मनीत अणुभट्टी का पेटली नाही, याचं एक उत्तर त्या चिमटीत होतं.

घरचीच माणसं परकी

अणूच्या शर्यतीत सुरुवातीला जर्मनी सर्वांच्या पुढे होता. डिसेंबर 1938 मध्ये बर्लिनला ओटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान यांना न्यूट्रॉनचा मारा केलेल्या युरेनियमात बेरियम सापडलं. म्हणजे अणू दुभंगला, हा अर्थ लावला लीझा माइटनर आणि त्यांच्या बहिणीचा मुलगा ओटो फ्रिश यांनी. पण स्वीडनमध्ये बसून. हान यांच्यासोबत तीस वर्षं काम केलेल्या माइटनर ज्यू वंशाच्या म्हणून त्याच वर्षी जुलैत जीव मुठीत धरून जर्मनीबाहेर पडल्या होत्या.

1933 च्या कायद्याने ज्यू प्राध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. आइनस्टाइन, झिलार्ड, बेथे देशाबाहेर गेले. माक्स बोर्न यांनी तर 1935-36 मधले काही महिने सी. व्ही. रामन यांच्या निमंत्रणावरून बंगळूरला काढले. जर्मनीतून निघालेले रुडॉल्फ पायर्ल्स आणि फ्रिश यांनी 1940 मध्ये बर्मिंगहॅमला हिशेब मांडला की बॉम्बसाठी युरेनियम-235 काही किलोच पुरेल. मायदेशी राहून अणुप्रकल्पात काम केलेल्या वर्नर हायझेनबर्ग यांनी मात्र ऑगस्ट 1945 मध्ये, इंग्लंडच्या फार्म हॉलमध्ये नजरकैदेत असताना हिरोशिमाची बातमी ऐकल्यावर, पहिला अंदाज केला तो टनाच्या घरातला. आठवडाभरात त्यांनीच तो सुधारला. बुद्धी होती, पण युद्धाच्या वर्षांत तो हिशेब चार जणांनी मिळून पुन्हा घासून पाहिला नव्हता.

ग्राफाइट आणि जड पाणी

नैसर्गिक युरेनियमात विखंडनाची साखळी चालवायची तर न्यूट्रॉनचा वेग कमी करावा लागतो. त्यासाठी एक तर अतिशुद्ध ग्राफाइट हवं, नाहीतर जड पाणी, म्हणजे जड हायड्रोजन असलेलं पाणी. 1941 मध्ये हायडेलबर्गला वाल्टर बोथे यांनी ग्राफाइटचं मोजमाप केलं आणि ते निरुपयोगी ठरवलं. दोष ग्राफाइटचा नव्हता, त्यातल्या अशुद्धीचा होता. विल्हेल्म हॅनले या शास्त्रज्ञाने बोरॉनकडे बोटही दाखवलं. पण तेवढं शुद्ध ग्राफाइट बनवणं लष्कराला महाग वाटलं. अमेरिकेत झिलार्ड यांनी शुद्ध ग्राफाइटसाठी कारखानदारांची पाठ सोडली नाही. 2 डिसेंबर 1942 रोजी शिकागोत एन्रिको फर्मी यांची ग्राफाइटची भट्टी चालू झाली.

जर्मनीची सगळी भिस्त मग नॉर्वेतल्या व्हेमॉर्क कारखान्याच्या जड पाण्यावर राहिली. फेब्रुवारी 1943 च्या अखेरीस बर्फातून स्कीवर आलेल्या नॉर्वेजियन तरुणांनी एकही गोळी न झाडता तिथली यंत्रं उडवली. वर्षभराने उरलेला साठा घेऊन निघालेली बोट तलावात बुडवण्यात आली. तिच्यासोबत साधे प्रवासीही गेले.

जून 1942 मध्ये मंत्री आल्बेर्ट श्पेअर यांच्यापुढे हा विषय आला, तेव्हा युद्ध संपण्याआधी बॉम्ब होईल अशी खात्री कुणी देऊ शकलं नाही. काम छोट्या प्रयोगांवर राहिलं. त्याच सुमारास अमेरिकेने उभ्या केलेल्या प्रकल्पात पुढे सव्वा लाखाहून अधिक माणसं राबली.

शेवटची जर्मन भट्टी हायगरलोख गावात, कड्याखालच्या तळघरात होती. पाच सेंटिमीटरचे 664 युरेनियम ठोकळे तारांना माळेसारखे ओवून सुमारे दीड टन जड पाण्यात सोडले होते. साखळी सुरू झाली नाही. आणखी शेकडो ठोकळे कुर्ट डीबनर यांच्या प्रतिस्पर्धी गटाकडे पडून होते. एप्रिल 1945 मध्ये अमेरिकी पथकाने ते तळघर गाठलं.

तीच जोडी, ट्रॉम्बेत

नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी, हीच जोडी 1960 मध्ये ट्रॉम्बेच्या सायरस भट्टीत चालली. आराखडा कॅनडाचा, सुमारे 20 टन जड पाणी अमेरिकेचं. आणि अणुभट्टीला लागेल इतकं शुद्ध युरेनियम ट्रॉम्बेत 1959 च्या जानेवारीतच तयार होऊ लागलं होतं. रायगडमधल्या थळच्या कारखान्यात 1987 पासून जड पाणी बनतं. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या तारापूरने 1969 मध्ये वेगळी वाट धरली: समृद्ध (युरेनियम-235 चं प्रमाण वाढवलेलं) युरेनियम आणि साधं पाणी. 1974 च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेकडून येणारं ते इंधन अडलं, तेव्हा जड पाण्याच्या वाटेचं मोल आणखी कळलं.

हिटलरच्या हाती बॉम्ब पडला नाही, हे जगाचं भाग्य. पण हान, हायझेनबर्ग यांच्या देशात ज्ञानाची अशी वाताहत व्हावी, याची हळहळ मला वाटते. काकांना मी विचारलं, तुमच्याकडे युरेनियमात बोरॉन राहिलं नाही हे कसं कळायचं? ते म्हणाले, "नमुना काढणारा वेगळा, तपासणारा वेगळा. आणि तपासणारा नवखा पोरगा जरी 'नाही' म्हणाला, तरी साहेबसुद्धा थांबायचे."

हॅनलेंसाठी बर्लिनमध्ये कुणी थांबलं नव्हतं.