पावसात किंचाळणारा पट्टा

अंधेरी सबवेच्या साचल्या पाण्यातून निघालेली एखादी गाडी बॉनेटखालून किंचाळू लागते. दोष बहुधा ड्राइव्ह बेल्टचा. क्रँकशाफ्टच्या पुलीवरून फिरणारा हा रबरी पट्टा अल्टरनेटर आणि एसीचा कॉम्प्रेसर चालवतो, अनेक गाड्यांत पाण्याचा पंपही. ओला झाला की घसरतो. सुकल्यावरही ओरडला, तर झीज आणि ताण तपासा. जुन्या पट्ट्यांना भेगा पडत; हल्लीचे ईपीडीएम रबराचे पट्टे टायरसारखे गुपचूप झिजतात, म्हणून खाचांची खोली बघायची.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये तो बदलता येतो. इंजिन थंड हवं, बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली हवी. जुना पट्टा उतरवण्याआधी त्याच्या वाटेचा फोटो मात्र काढाच. नंतर भलेभले गोंधळतात. व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा टायमिंग बेल्ट वेगळा; त्याला घरी हात लावू नका. त्याची जुळणी चुकली, तर अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो.