एका क्रियापदाचा वाद

वसईस किंवा गोव्यास रविवारीं ‘मिस्सा’ या उपासनेच्या वेळीं कॅथॉलिक भाविक गव्हाच्या पिठाची, खमीर न घातलेली पातळ चकती मोठ्या आदरानें ग्रहण करतात. धर्मगुरूनें अभिमंत्रित केल्यावर ती ख्रिस्ताचें शरीरच होते, अशी त्यांची श्रद्धा आहे. ही श्रद्धा त्यांच्या धर्मग्रंथांत आहे, कीं मागाहून जोडलेली, असा प्रश्न जिज्ञासु वाचकांस पडणें साहजिक आहे.

क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्रीं ख्रिस्तानें भाकर मोडून शिष्यांस दिली व ती आपलें शरीर आहे असें सांगितलें. मत्तय, मार्क व लूक यांचीं शुभवर्तमानें आणि पौलाचें करिंथकरांस पहिलें पत्र, या चारही ठिकाणीं ही हकीकत आहे. वाद आहे तो ‘आहे’ या क्रियापदाच्या अर्थाविषयीं.

आपल्या शास्त्रकारांच्या परिभाषेंत बोलावयाचें तर, येथें अभिधा मानावी कीं लक्षणा? गंगेवर गवळवाडा आहे असें म्हटलें असतां तो गंगेच्या तीरावर आहे असें आपण समजतों. कारण मुख्यार्थ तेथें संभवत नाहीं. झुरिकच्या झ्विंग्लीचें म्हणणें असेंच होतें: ‘आहे’ म्हणजे ‘दर्शविते’. १५२९ सालीं मारबुर्ग येथें त्याची ल्यूथरशीं समोरासमोर चर्चा झाली. ल्यूथर पोपचा कट्टर विरोधक. तरीहि ख्रिस्ताचे ते शब्द खडूनें मेजावर लिहून मुख्यार्थ सोडण्यास त्यानें साफ नकार दिला. पंधरांपैकीं चौदा कलमांवर एकमत झालें. पंधराव्यांतील हा प्रश्न मात्र सुटला नाहीं, आणि प्रॉटेस्टंट पंथांत फूट कायम राहिली.

कॅथॉलिक पंडित योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायाकडे बोट दाखवितात. आपलें मांस खाण्याविषयींचे ख्रिस्ताचे बोल असह्य होऊन पुष्कळ शिष्य निघून गेले. परंतु हें केवळ रूपक आहे असें सांगून त्यानें त्यांस परत बोलाविलें नाहीं. आत्माच जीवन देतो, असें त्याच अध्यायांत पुढें आहे, याकडे प्रतिपक्ष लक्ष वेधतो. द्रव्य पालटतें, रूपरसादि गुण तेवढे राहतात, हा कॅथॉलिक सिद्धांत १२१५ च्या लॅटरन परिषदेनें मान्य केला व १५५१ सालीं ट्रेंटच्या परिषदेनें सविस्तर मांडला. शब्द उत्तरकालीन खरा. पण श्रद्धा जुनी आहे, कारण दुसऱ्या शतकाच्या आरंभींचा बिशप इग्नेशियस हाहि तेंच सांगतो.

ग्रंथ दोन्ही पक्षांस प्रमाण. मग निर्णय कोणीं करावा? ग्रंथ आणि परंपरा एकत्रच वाचावीं, असें कॅथॉलिकांचें उत्तर आहे. कारण कोणतीं पुस्तकें पवित्र मानावीं, याची यादीहि ३९७ च्या कार्थेजसारख्या धर्मपरिषदांनींच मान्य केली. प्रॉटेस्टंटांच्या मतें परंपरेचीहि कसोटी अखेर ग्रंथच. श्रुतीचा अर्थ लावण्यासाठीं मीमांसेचा आश्रय करणाऱ्या, आणि एकाच उपनिषद्वाक्यावरून द्वैती व अद्वैती झालेल्या आपल्या समाजास हा वाद परका वाटूं नये.