जुन्या मोटारीची सकाळची कुरकुर

मोटार जुनी झाली की तिचे दुखणे बहुधा सकाळी कळते. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करू लागावे, तर इंजिन धरते, थरथरते आणि दोन-चार क्षणांत मान टाकते. पुन्हा प्रयत्न करावा, तर अ‍ॅक्सिलरेटरवर पाय आहे तोवर चालते, पाय काढताच बंद पडते. पंधरा मिनिटांनी तीच गाडी जणू काही झालेच नाही अशा थाटात धावू लागते. नागपूर, इंदूर, ग्वाल्हेर, दिल्ली अशा कडक हिवाळ्याच्या गावांत ज्यांनी जुनी अ‍ॅम्बॅसिडर, पद्मिनी किंवा पहिल्या पिढीतली मारुती ८०० सांभाळली आहे, त्यांना हा अनुभव नवा नाही. अशा वेळी मालक कारागिराकडे धाव घेतो, कारागीर एखादा स्क्रू पिळतो आणि दुखणे एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते. वास्तविक हा दोष स्वतःची ओळख स्वतःच सांगत असतो. मात्र त्याला ‘काय बिघडले?’ असे विचारण्याआधी ‘केव्हा बिघडते?’ असे विचारावे लागते.

प्रथम थंड इंजिनाची गरज काय असते ते पाहू. द्रवरूप पेट्रोल नीट जळत नाही; जळते ती त्याची वाफ. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, आणि हे मिश्रण तयार करण्याचे काम कार्बोरेटरचे. परंतु इंजिन गार असते तेव्हा पेट्रोलचा केवळ हलका अंशच वाफ होतो. उरलेले थेंबाथेंबाने नळीच्या गार भिंतींना चिकटून राहते. म्हणजे कार्बोरेटरने योग्य प्रमाणात पेट्रोल दिले, तरी सिलिंडरपर्यंत पोहोचते ते अपुरे. शिवाय रात्रीच्या गारठ्याने तेल घट्ट झालेले असते आणि इंजिनाला स्वतःचेच अंग हलविण्यास अधिक बळ लागते.

या दोन्ही अडचणींवरचा उपाय म्हणजे चोक. चोकची दांडी ओढली की दोन गोष्टी घडतात. बहुतेक कार्बोरेटरांत तोंडाशी असलेली झडप मिटून हवा कमी होते. अनेक अ‍ॅम्बॅसिडर गाड्यांवर बसविलेल्या एस. यू. जातीच्या कार्बोरेटरात झडप नसते, तेथे जेट खाली सरकून पेट्रोलची वाट रुंद होते. परिणाम एकच : मिश्रण दाट होते. दुसरी गोष्ट बहुधा कोणाच्या ध्यानात येत नाही. चोकला जोडलेली एक लहानशी तरफ थ्रॉटल किंचित उघडते, त्यामुळे उभ्या गाडीतल्या इंजिनाची मंदगती, म्हणजेच आयडलिंग, काही काळ वाढते. गरम इंजिन मिनिटाला सातशे-आठशे फेऱ्यांवर शांतपणे चालते. थंड इंजिनाला त्याहून कितीतरी अधिक फेऱ्या लागतात.

आता निदान. त्याची पहिली अट अशी की, ते सकाळच्या पहिल्या प्रयत्नाच्या वेळीच करावे. इंजिन एकदा तापले की पुरावा नाहीसा होतो. दुपारी कारखान्यात नेलेल्या गाडीत दोष सापडत नाही याचे कारण हेच. गाडी आदल्या रात्री तेथे ठेवावी आणि कारागिराने ती सकाळी स्वतः सुरू करावी, हे उत्तम.

इंजिन धरते आणि लगेच बंद पडते, असे असेल तर हवेची गाळणी काढून कोणाला तरी चोकची दांडी ओढण्यास सांगावे आणि झडप पूर्ण मिटते की नाही ते डोळ्यांनी पाहावे. पुष्कळदा तार ताणून सैल झालेली असते. दांडी पूर्ण बाहेर येते आणि झडप अर्धीच मिटते. गाडी चार-आठ दिवस उभी असेल, तर कार्बोरेटरच्या कुंडीतले पेट्रोल उडून गेलेले असते आणि पंपाने ती पुन्हा भरेपर्यंत इंजिनाला धीर धरवत नाही. याला रोग म्हणू नये.

पाय असेतोवर चालते आणि पाय काढताच बंद पडते, असे असेल तर आणखी एक प्रश्न विचारावा : गरम झाल्यावरही असेच होते काय? होत असेल, तर मंदगतीचे बारीक जेट कचऱ्याने तुंबले असण्याचा संभव मोठा. केवळ थंडपणीच होत असेल, तर संशय त्या दुर्लक्षित तरफेवर घ्यावा. ती थ्रॉटल उघडीत नसली, तर मिश्रण दाट असूनही इंजिन तग धरीत नाही.

सुरुवात चांगली होते, पण काही मिनिटांत आवाज जड होतो आणि काळा धूर येतो, तेव्हा चोक माघारी फिरत नाही असे समजावे. प्लग काढून पाहिला तर तो कोरड्या काजळीने भरलेला आढळेल.

याउलट, इंजिनाची गती श्वासासारखी चढत-उतरत असेल, तर मिश्रण विरळ आहे. कोठून तरी चोरटी हवा आत शिरते आहे. कार्बोरेटरखालची गॅसकिट, थ्रॉटलचा झिजलेला दांडा, व्हॅक्यूमची चिरलेली रबरी नळी, ही तिची नेहमीची दारे. संशयित सांध्यावर थोडे पाणी शिंपडावे. आवाज बदलला, की दार सापडले. या परीक्षेसाठी पेट्रोल कदापि वापरू नये.

आणि ठरावीक तालाने एकच ठोका चुकत असेल, तर कार्बोरेटरला हात न लावता प्लग, डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट आणि टॅपेटचे अंतर तपासावे. थंड इंजिनात बॅटरीचे बळ आधीच खचलेले असते. सदोष पॉइंट आणि मळलेले प्लग दुपारी निभावून नेतात, पहाटे नेत नाहीत.

येथे एक नियम पाळावा. ठिणगी आणि टॅपेट आधी, हवेची गळती त्यानंतर, कार्बोरेटरचे स्क्रू सर्वांत शेवटी. आणि एका वेळी एकच बदल. थंड इंजिन बंद पडते म्हणून मंदगतीचा स्क्रू आवळणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा उपाय. सकाळ निभावते, पण दुपारी तीच गाडी सिग्नलवर उभी असता गुरगुरत राहते आणि पेट्रोल फुकट जाते. हा स्क्रू गरम इंजिनावरच लावायचा असतो.

अलीकडे या दुखण्यात एका नव्या कारणाची भर पडली आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण देशात २०२२ मध्ये दहा टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांच्या आसपास पोहोचले. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या आसवन्यांचा त्यात मोठा वाटा आहे. इथेनॉलला वाफ होण्यासाठी पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते, आणि जळण्यासाठी हवा कमी, म्हणजे किलोला सुमारे नऊ किलो, पुरते. नव्या गाडीतले इलेक्ट्रॉनिक यंत्र हा फरक ओळखून पेट्रोल वाढविते. जुन्या कार्बोरेटरला ही बुद्धी नाही. त्याच जेटमधून त्याचे मिश्रण विरळ होते आणि ते प्रथम जाणवते थंडीच्या सकाळी. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचे पडदेही इथेनॉलने खराब होऊ शकतात. म्हणून कालपर्यंत बरी चालणारी गाडी यंदा कुरकुरू लागली, तर या नळ्या व पडदे आधी पाहावेत.

शेवटची गोष्ट गाडीपेक्षा माणसाच्या जिवाशी निगडित आहे. चोक ओढलेल्या इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू पुष्कळ असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने चिकटतो. थंडी वाजते म्हणून गॅरेजचे दार लावून गाडी गरम करीत बसणे म्हणजे मृत्यूला घरात घेणे होय. गाडी आधी ढकलून बाहेर काढावी, मग चोक ओढावा. आणि इंजिन स्थिर होताच हलक्या पायाने गाडी चालवू लागावे, म्हणजे ते लवकर तापते. चोकही तसतसा आत सारावा. तो विनाकारण ओढून ठेवला, तर न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरील तेल धुऊन काढते.

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली, अ‍ॅम्बॅसिडरचे उत्पादन २०१४ मध्येच थांबले. कार्बोरेटर हाताळणारे जाणते कारागीरही आता विरळ होत चालले आहेत. अशा वेळी उरलेल्या गाड्यांचे आयुष्य मालकाच्या कानांवर आणि डोळ्यांवर अवलंबून राहणार. त्याने आठ दिवस सकाळी एवढेच टिपून ठेवावे : रात्री गारठा किती होता, चोक किती ओढला, इंजिन कितव्या मिनिटाला अडखळले, धूर कोणत्या रंगाचा होता. एवढा कागद हाती असला, तर साधा कारागीरही बहुधा योग्य जागी हात घालील, आणि न बिघडलेला कार्बोरेटर बदलण्याचा खर्च वाचेल.