व्हर्च्युअल मशीन उघडत नाही? डिलीट करण्याआधी हे वाचा!

कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर म्हणजे व्हर्च्युअल मशीन. हिशेबाचं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवरच चालतं, म्हणून कुणी नव्या पीसीवर तसं मशीन बनवतं. कुणाला विंडोज न काढता लिनक्स शिकायचं असतं. व्हीएमवेअर वर्कस्टेशन हे त्यासाठीचं एक प्रसिद्ध सॉफ्टवेअर.

पण एक दिवस लाइट जाते, पीसी मध्येच बंद पडतो आणि नंतर कॉन्फिगरेशन फाइल खराब झाल्याचा मेसेज येतो. मग सगळा डेटा गेला का? बहुतेक वेळा नाही!

नेमकं काय बिघडतं?

व्हर्च्युअल मशीन म्हणजे शेवटी एक फोल्डर. त्यातली ‘व्हीएमडीके’ फाइल म्हणजे मशीनची हार्ड डिस्क. विंडोज, फोटो, हिशेब सगळं तिच्यात असतं आणि ती कित्येक जीबींची असते. ‘व्हीएमएक्स’ ही कॉन्फिगरेशन फाइल मात्र फक्त काही केबींची. रॅम किती, डिस्क कोणती, नेटवर्क कसं, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. ती गेली तरी डिस्क जागेवरच असते. शिवाय ती साधी टेक्स्ट फाइल असल्यामुळे नोटपॅडमध्येही नव्याने लिहिता येते.

फाइलमध्ये काय लिहायचं?

दहा-बारा ओळी पुरतात: फाइलची आणि व्हर्च्युअल हार्डवेअरची आवृत्ती, आत कोणती ऑपरेटिंग सिस्टीम आहे, रॅम, डिस्क कंट्रोलरचा प्रकार, डिस्क फाइलचं नाव आणि नेटवर्क कार्ड.

जुने आकडे आठवत नसतील तर त्याच फोल्डरमधली ‘व्हीएमवेअर डॉट लॉग’ ही फाइल उघडावी. मशीन सुरू होताना त्याची सेटिंग्ज तिथे नोंदली जातात. ‘डिक्ट’ हा शब्द असलेल्या ओळी शोधल्या की जुन्या फाइलचा मजकूर जवळपास तयारच मिळतो.

हाताने लिहायचं नसेल, तर नवीन मशीन बनवताना ‘आधीची डिस्क वापरा’ हा पर्याय निवडावा. मग सॉफ्टवेअर ही फाइल स्वतःच लिहितं.

घाई कुठे महागात पडते?

सर्वात मोठा धोका स्नॅपशॉटचा. स्नॅपशॉट घेतला की त्यानंतरचे बदल वेगळ्या डिस्क फाइलमध्ये साठतात. तिच्या नावात 000001 असा आकडा असतो. नव्या कॉन्फिगरेशनमध्ये मूळ डिस्कचं नाव टाकून मशीन सुरू केलं, तर मूळ डिस्क बदलते आणि पुढच्या फाइल्सशी तिची साखळी तुटते. म्हणजे नंतरचं काम हातचं जाऊ शकतं. कोणत्या डिस्कचं नाव द्यायचं, हेही लॉगमधूनच कळतं.

कंट्रोलरचा प्रकार चुकला तर विंडोज निळी स्क्रीन दाखवू शकतं. जुनं मशीन यूईएफआयवर चालत असेल, तर तेही लिहावं लागतं, नाहीतर सॉफ्टवेअर बायोस धरून चालतं आणि विंडोज सुरूच होत नाही.

एक अपवादही आहे. मशीन पासवर्डने एन्क्रिप्ट केलेलं असेल, तर त्याच्या किल्लीची माहिती व्हीएमएक्स फाइलमध्येच असते. तिथे हाताने लिहिलेली फाइल कामाची नाही. जुन्या फाइलचा बॅकअपच लागतो.

म्हणून काहीही करण्याआधी अख्खा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करावा आणि प्रयोग त्या कॉपीवरच करावेत. मशीन नीट सुरू झालं, की नव्या व्हीएमएक्स फाइलची एक प्रत वेगळी जपून ठेवावी. काही केबींची तर फाइल, ईमेलमध्येही सहज मावते!