गाजरगवत : ना गाजर, ना गवत

पहिला पाऊस पडला की आपल्या भालकी, औराद, आळंद भागात बांधावर व रस्त्याच्या कडेला गाजराच्या पाल्यासारखी रोपे उठतात. आपण त्यांना गाजरगवत म्हणतो, कोणी काँग्रेस गवत म्हणतात. खरे पाहता हे गाजरही नव्हे आणि गवतही नव्हे. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. पार्थेनियम वंशात सुमारे १६ जाती असून सर्वांचे मूळ घर अमेरिका खंड आहे. त्यांतील ग्वायुले ही मेक्सिकोतील जात रबर देते. आपल्या वाट्याला मात्र उपद्रवी जात आली. १९५५ साली पुण्यात ती आढळली आणि पुढे देशभर पसरली.

याचे कूळ सूर्यफुलाचे. करडई, झेंडू, शेवंती ही त्याचीच भावंडे. हे जाणून घेणे आरोग्यासाठी महत्त्वाचे आहे. गाजरगवतामुळे पापण्या, मान, कोपराची घडी येथे खाज सुटून कातडी जाड व काळी पडते. कोणाला शिंका व दमही लागतो. एकदा हा त्रास जडला की काहींना सूर्यफुलाच्या शेतात किंवा वेदीसाठी शेवंती गुंफतानाही खाज सुटते. अशांनी घरगुती लेप लावत न बसता डॉक्टरांना दाखवावे आणि निंदणीला जाऊ नये.

मूळ घर कळल्याचाही फायदा झाला. तिकडे या झाडाला खाणारे किडे आहेत. त्यांपैकी एक भुंगेरा १९८३ साली मेक्सिकोहून बंगळूरला आणला गेला व तपासणीनंतर सोडण्यात आला. पांढुरक्या पाठीवर तपकिरी पट्टे असलेला हा किडा पावसाळ्यात गाजरगवताची पाने फस्त करतो. तो दिसल्यास मारू नये.

पण सारा भार किड्यावर टाकून चालणार नाही. एक झाड हजारो बिया टाकते. म्हणून जमीन ओली असताना, फुले येण्यापूर्वीच ते मुळासकट उपटावे. हातमोजे नसल्यास हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधावी, नाकातोंडावर रुमाल घ्यावा. फुले नसलेली झाडे खतखड्ड्यात चालतात. मोकळ्या जागी तरोट्याचे बी फेकावे. तो गाजरगवताला दाबतो. कबरस्तानही २ नोव्हेंबरची वाट न पाहता आधीच साफ करू या.

प्रभूच्या दाखल्यातील धन्याने निदण कापणीपर्यंत राहू दिले, कारण त्यासोबत गहू उपटला गेला असता. आपल्या बांधावर गहू नाही. मग थांबायचे कशाला?