वय मोजायचं कोणत्या पट्टीने?

आजच्या तारखेतून जन्मतारीख वजा केली की निघालं वय, असं आपण इंजिनिअरिंगवाले पटकन म्हणू. पण मित्रांनो, हे गणित सगळीकडे इतकं सोपं नाही.

दक्षिण कोरियात पारंपरिक पद्धतीने बाळ जन्मतःच एक वर्षाचं धरत आणि दर १ जानेवारीला सगळ्यांचं वय एकदम वाढे. म्हणजे ३१ डिसेंबरला जन्मलेलं बाळ दुसऱ्याच दिवशी दोन वर्षांचं! हा घोळ नको म्हणून जून २०२३ पासून तिथे सरकारी कामात साधारणपणे जन्मतारखेपासूनचंच वय धरतात.

केनिया-टांझानियातल्या मासाई लोकांत आकड्यापेक्षा 'बॅच' महत्त्वाची. एकाच काळात सुंता झालेल्या मुलांचा गट बनतो. आधी 'मोरान', म्हणजे तरुण योद्धे, आणि पुढे वडीलधारे, असा तो आयुष्यभर एकत्रच वर सरकतो. 'युनोटो' विधीत योद्ध्याचे लांब वाढवलेले केस त्याची आईच काढते, आणि मग तो संसाराला मोकळा होतो. थोडक्यात काय, वाय.डी.ची भानगडच नाही!

जपानमध्ये साठी म्हणजे 'कानरेकी'. तिथल्या जुन्या पंचांगात १० आणि १२ अशी दोन चक्रं चालतात. त्यांचा लसावि ६०. म्हणजे साठ वर्षांनी जन्मवर्षाची जोडी परत येते. माणूस नव्याने जन्मला असं मानून त्याला बाळासारखं लाल जाकीट घालतात.

आपल्याकडेही संवत्सरं साठच, म्हणून षष्ट्यब्दीपूर्ती. पुढे सहस्रचंद्रदर्शन. १००० ला २९.५३ दिवसांनी गुणा, उत्तर येतं जवळजवळ ८० वर्षं १० महिने. पण गंमत बघा, साठीची शांत करणारे आपणच आणि 'साठी बुद्धी नाठी' म्हणणारेही आपणच!

कायद्याला मात्र कुठेतरी रेघ मारावीच लागते. आपल्याकडे १९८९ मध्ये मतदानाचं वय २१ वरून १८ झालं, जपानने एप्रिल २०२२ मध्ये सज्ञान होण्याचं वय २० वरून १८ केलं. २००७ च्या कायद्याने आपल्याकडे साठीला माणूस ज्येष्ठ नागरिक होतो. या रेघा सोयीसाठी असतात, शरीरात त्या दिवशी कुठलंही बटण दाबलं जात नाही. वर्कशॉपमधले काका निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी लेथ विसरत नाहीत. तेव्हा त्यांना निरोपाचा नारळ देताना त्यांचा फोन नंबरही घेऊन ठेवा. फायनल इयरच्या प्रोजेक्टला लागेल.