प्रवाह संवेदन, स्पर्शविरहित

विद्युत् मंडल न तोडता व तारेच्या धातूशी जोडणी न करता, तारेभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रावरून तीतील प्रवाह ओळखण्याची किंवा मोजण्याची पद्धती. काही मिलिअँपिअर (अँपिअरचा हजारावा भाग) इतक्या लहान प्रत्यावर्ती (ठराविक काळाने उलटसुलट दिशांनी वाहणाऱ्या) प्रवाहाच्या बाबतीत ती विशेष महत्त्वाची आहे.

तत्त्व : प्रवाहामुळे तारेभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, हे ओर्स्टेड यांनी १८२० मध्ये दाखविले. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वेटोळ्यात विद्युत् दाब प्रवर्तित होतो, हे फॅराडे यांनी १८३१ मध्ये सिद्ध केले. सरळ तारेतून १० मिलिअँपिअर प्रवाह जात असता तिच्यापासून १ सेंमी. अंतरावर केवळ ०.२ मायक्रोटेस्ला क्षेत्र असते. पृथ्वीचे क्षेत्र याच्या सु. २०० पट असते. मात्र ते स्थिर असल्याने स्थिर वेटोळ्यात दाब प्रवर्तित करीत नाही. खरा अडथळा शेजारच्या तारांच्या ५० हर्ट्‌झ कंप्रतेच्या क्षेत्रांचा असतो.

संवेदक : हा अडथळा कमी करण्यासाठी उच्च पार्यतेच्या निकेल-लोह मिश्रधातूचा कडीसारखा गाभा वापरतात. तार कडीतून ओवतात व कडीवर वेटोळे सर्वत्र सारखे गुंडाळतात. १,००० वेढ्यांच्या वेटोळ्यात ३० मिलिअँपिअरमुळे सु. ३० मायक्रोअँपिअर प्रवाह मिळतो. १,००० ओहम रोधावर त्याचा ३० मिलिव्होल्ट दाब होतो व इलेक्ट्रॉनीय विवर्धकाने तो वाढविता येतो. हॉल परिणामावर (१८७९) आधारित संवेदक एकदिश प्रवाहही ओळखतो. परंतु इतक्या क्षीण क्षेत्रासाठी त्यालाही बहुधा गाभ्याची जोड द्यावी लागते.

भूगळतीचे संवेदन : परंडा (जि. धाराशिव) तालुक्यासारख्या अवर्षणप्रवण भागात विंधन विहिरींवर पाणबुडी पंप वापरतात. ५ अश्वशक्तीचा त्रिकला पंप सु. ८ अँपिअर प्रवाह घेतो. केबलीचे निरोधन खराब होऊन त्यातील ५० मिलिअँपिअर प्रवाह जमिनीत गळू लागला, तरी पंप चालू राहतो व वितळतारही वितळत नाही. तथापि ३० मिलिअँपिअरपेक्षा अधिक प्रवाह शरीरातून काही काळ वाहिल्यास हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो.

पंपाच्या तिन्ही तारा एकाच कडीतून ओवल्यास निर्दोष स्थितीत त्यांच्या प्रवाहांची क्षणोक्षणीची बेरीज शून्य असते. गळती होताच तेवढाच फरक उरतो व वेटोळ्यात संकेत उमटतो. म्हणजे ८ अँपिअरमधून ५० मिलिअँपिअर वेगळे काढण्याचे काम कडीच करते. व्यक्तिसंरक्षणासाठीचे भूगळती मंडलखंडक सामान्यतः ३० मिलिअँपिअरचे असतात.

मर्यादा : भूसंपर्कन तार कडीतून ओवल्यास तिच्यातून परतणारी गळती बेरजेत मिसळते व दोष लपतो. दोन कलांच्या तारांना एकाच वेळी स्पर्श झाल्यासही, जमिनीकडे गळती नसेल तर बेरीज शून्यच राहते. म्हणून हे साधन योग्य भूसंपर्कनाला व पुरवठा बंद करून काम करण्याच्या शिस्तीला पूरक आहे, पर्याय नव्हे.